डोंगर बंद आहे

केप टाऊनमध्ये आमचे पहिले तीन दिवस डोंगर बंद होता.

डोंगर बंद असतो हे मला नवीन होतं. दरड कोसळली की आमच्याकडे घाट बंद होतो. पूर्वी पावसाळा लागला की आगबोटी थांबायच्या आणि बंदर बंद व्हायचं, हे दादीकडून ऐकलेलं. पण अख्खा डोंगर? चाचा रोज फजरच्या नमाजनंतर खिडकीचा पडदा बाजूला करायचे, पश्चिमेकडे बघायचे आणि सांगायचे, "आज पन बंद."

बंद असायची ती खरं तर केबल कार. पण चाचा डोंगरच बंद म्हणायचे, आणि त्या वाऱ्यात बाहेर पडून पाहिल्यावर मलाही तेच बरोबर वाटलं. टेबल माउंटन हा नावाप्रमाणे मेजासारखा सपाट डोंगर आहे. उंची १,०८६ मीटर, म्हणजे आपलं महाबळेश्वर त्याच्याहून उंच. पण महाबळेश्वर डोंगरांच्या गर्दीत उभं आहे, आणि हा थेट समुद्रातून उठतो. इथल्या मूळच्या खोई लोकांनी त्याला दिलेल्या नावाचा अर्थच 'समुद्रातला डोंगर' असा सांगतात. उन्हाळा लागायच्या सुमारास, म्हणजे आपल्या दिवाळीच्या दिवसांत, आग्नेयेकडून वारा सुटतो. तो समुद्रावरची ओल डोंगरावर चढवतो. माथ्यावर पांढराशुभ्र ढग साचतो, शहराच्या बाजूने कड्यावरून खाली ओघळतो आणि अर्ध्यात विरून जातो. मेजावर चादर घातली असं लोक म्हणतात. शहरातली घाण हवा उडवून नेतो म्हणून त्या वाऱ्याला 'केप डॉक्टर' हे नावही आहे. चाचींनी वेगळं सांगितलं. व्हॅन हंक्स नावाचा एक म्हातारा चाचा (समुद्रातला लुटारू, आमचे चाचा नव्हेत!) डोंगरावर बसून सैतानाशी पाइप ओढायची पैज लावतो, त्याचा तो धूर. चाची हे सांगताना हसल्या आणि लगेच "अस्तगफिरुल्लाह" म्हणाल्या.

आम्ही गेलो होतो चाचांच्या नातीच्या निकाहला. दिवाळीची सुट्टी होती म्हणून शाळेतून रजा मागावी लागली नाही. हे चाचा माझ्या अब्बांचे चुलत भाऊ, पण सावत्र नात्याने. ते नातं सांगायचं तर शंभर वर्षं मागे जावं लागेल, आणि ते सांगितल्याशिवाय डोंगर चढता येणार नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात घरटी एक माणूस परदेशी असतो. आज तो आखातात असतो. शंभर वर्षांपूर्वी तो 'केपला' असायचा. माझे पणजोबा १९०१ साली, पंधरा-सोळा वर्षांचे असताना, मामाबरोबर केपला गेले. हातगाडीवर फळं विकली, पुढे छोटं दुकान टाकलं. निकाह करायला गावी आले, परत गेले. मग १९११ मध्ये पुन्हा आले. १९१२ मध्ये माझे दादा जन्मले. पणजोबांनी आपला मुलगा पाहिला की त्याआधीच ते बोटीवर चढले होते, याबद्दल आमच्या घरात आजही दोन मतं आहेत. त्यानंतर ते आलेच नाहीत. काही वर्षं मनीऑर्डर येत राहिली, मग तीही थांबली. कोणीतरी निरोप आणला की त्यांनी तिकडे दुसरं घर केलंय.

माझी पणजी, जिला सगळं घर मोठी दादी म्हणे, ती १९५० नंतर वारली. मी तिला पाहिलेलं नाही. पण तिच्याबद्दल ऐकलेली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. आगबोटीचा भोंगा झाला की ती हातातलं काम टाकून पडवीत येऊन उभी राहायची. बोट आली, माणसं उतरली, गावात शिरली, की पुन्हा चुलीपाशी. हे किती वर्षं चाललं कोणी मोजलं नाही. पणजोबांचं नाव आमच्या घरात मोठ्याने घेत नसत. 'तो केपवाला' एवढंच.

त्या केपवाल्याचे नातू म्हणजे हे चाचा. आठ-नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीने फेसबुकवर आमचं गाव शोधून काढलं. मग व्हॉट्सॲप, मग ईदच्या मुबारकबाद, आणि आता निकाहचं आमंत्रण. अब्बांचं वय झालं, त्यांना प्रवास झेपत नाही. ते मला म्हणाले, "तू जा. तू शिकलेली आहेस, नीट बघून ये." काय बघून ये, ते त्यांनी सांगितलं नाही.

वाऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चाचा आम्हाला बो-काप आणि सिग्नल हिलला घेऊन गेले. सिग्नल हिल ही टेबल माउंटनची बुटकी धाकटी भावंड, त्याच राष्ट्रीय उद्यानात मोडते, आणि तिथपर्यंत गाडीरस्ता जातो. वर शेख मोहम्मद हसन गैबी शाह यांची मजार आहे. अशा मजारींना इथे 'क्रामत' म्हणतात. आपला 'करामत' हा शब्द इथे चमत्कारावरून सरकून कबरीला चिकटला. मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे माझं लक्ष शब्दांकडे आधी जातं. चाची 'केप मलाय' घरातल्या. त्या रोजाला 'पुआसा' म्हणतात. हा मलाय शब्द, आणि त्याचं मूळ आपलं संस्कृत 'उपवास'. म्हणजे मराठी बोलणारे आम्ही रोजा धरतो, आणि आफ्रिकेच्या टोकावरची मुसलमान बाई उपवास करते!

डचांनी इंडोनेशिया, मलाक्का, बंगाल, मलबार, सिलोन इथून माणसं गुलाम म्हणून आणली, आणि ज्यांनी त्यांच्याशी लढा दिला त्या सरदारांना आणि आलिमांना कैदी म्हणून. त्यांच्यातले एक तुआन गुरू. तिदोर बेटाच्या राजघराण्यातले. १७८० मध्ये त्यांना रॉबेन बेटावर डांबलं. त्यांनी कुरआन आठवणीतून हाताने लिहून काढला. सुटल्यावर बो-कापमधल्या अव्वल मशिदीचे ते पहिले इमाम झाले. १८०७ मध्ये ते वारले. सिग्नल हिलच्या उतारावरच्या ताना बारू कब्रस्तानात त्यांची कबर आहे. हे कब्रस्तान सरकारने आरोग्याचं कारण सांगून १८८६ मध्ये बंद केलं. तेव्हा दोन-तीन दिवसांतच तीन हजारांच्या आसपास मुसलमान एका लहान मुलाचा जनाजा घेऊन डोंगरावर चढले आणि त्यांनी मुलाला तिथेच दफन केलं. चाचा ही गोष्ट सांगत होते तेव्हा वारा इतका होता की माझा दुपट्टा मी दोन्ही हातांनी धरला होता आणि त्यांचं अर्धं बोलणं उडून जात होतं.

केपभोवती डोंगरउतारांवर आणि किनाऱ्याला अशा क्रामतींचं एक वर्तुळ आहे. ते शहराला आग, पूर, भूकंपापासून राखतं असं जुनी माणसं मानतात. मजारीवर जावं की न जावं याच्यावर आमच्या गावात जेवढे वाद होतात तेवढेच इथेही होतात. चाचांचा धाकटा मुलगा गाडीतून उतरला नाही. मी आत जाऊन फातिहा पढले. कैद करून, घरापासून हजारो मैल दूर आणून टाकलेल्या माणसासाठी दुआ मागायला मला कोणाची परवानगी घ्यावी असं वाटलं नाही.

त्या रात्री चाचांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. आत पणजोबांचे कागद. सर्वात वर १९११ चा परवाना होता. वसाहतीबाहेर जाऊन परत येण्याची मुभा, मुदत एक वर्ष. समोरून काढलेला फोटो, खाली अंगठ्याचे ठसे. आणि ठशांच्या शेजारी उर्दूत सही. वळणदार, सराईत हाताची सही. आमच्या घरात त्यांचा फोटो नव्हता. मी माझ्या अब्बांचे कान त्या फोटोत पाहिले.

सही येत असताना अंगठा कशाला, असा प्रश्न मला पडला. चाचा म्हणाले, तेव्हा तसंच होतं. नंतर मी त्या काळातले कायदे जरा वाचले. १९०२ च्या केप वसाहतीच्या कायद्याने नव्याने येणाऱ्याला युरोपियन भाषेत अर्ज लिहिता आलाच पाहिजे असं ठरवलं. पणजोबा आधी आले होते म्हणून वाचले. त्यांचा धाकटा भाऊ १९०५ मध्ये गेला तो धक्क्यावरूनच परत फिरला. त्याला उर्दू येत होती, मोडी येत होती, पण ती शिक्षणात धरत नव्हते. १९०६ च्या कायद्यात यिडिशला युरोपियन भाषा मानलं गेलं. बरंच झालं, तिकडून गरीब ज्यू लोक जीव वाचवून येत होते. पण यिडिशही उजवीकडून डावीकडेच लिहितात हो! वर्गात मी मुलांना सांगत असते की कुठलीही लिपी लहान नसते. धक्क्यावरच्या साहेबाला ते कोणी सांगितलं नव्हतं.

आणि मग १९१३. त्या वर्षी मार्चमध्ये केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करता येतात, त्या धर्माच्या रीतीने झालेलं लग्न इथे लग्न धरता येणार नाही. म्हणजे हिंदुस्थानात बसलेल्या हजारो बायका एका दिवसात कोणाच्याच बायका उरल्या नाहीत. याच निकालामुळे कस्तुरबा सत्याग्रहात उतरल्या आणि तुरुंगात गेल्या. १९१४ मध्ये कायदा बदलला. तडजोड अशी झाली की एका पुरुषाची एक बायको आणि तिची अज्ञान मुलं येऊ शकतात. एकच. दुसरी इथे असेल तर तिकडची नाही.

मी तो परवाना हातात धरून मनात हिशेब मांडत बसले. पणजोबांनी इथला निकाह १९१४ च्या आधी केला असेल तर मोठ्या दादीसाठी दार बंद करणारा कायदा होता. नंतर केला असेल तर दारात एक जागा होती, आणि ती त्यांनी दुसरीला दिली. निकाहनामा डब्यात नव्हता. चाचांचे वडील, म्हणजे थोरला मुलगा, १९१६ चा. मी एवढंच विचारलं, "त्यांचा निकाह कधीचा?" चाचांनी डबा बंद केला. "म्हायत नाय, बेटी."

चौथ्या दिवशी वारा पडला. डोंगर सकाळी निळा, स्वच्छ, जरा लाजल्यासारखा उभा होता. आमच्या यांनी जाहीर केलं की ते केबल कारनेच जाणार आणि जेवणाचा डबा घेऊन वर आमची वाट बघणार. मी, चाचा आणि त्यांचा कॉलेजात शिकणारा नातू पायी निघालो. चाचा बहात्तर वर्षांचे आहेत आणि अजून महिन्यातून दोनदा चढतात. त्यांनी दोन सूचना दिल्या. मोबाइल पिशवीत ठेवायचा आणि एकट्याने पुढे जायचं नाही. वाटांवर लूटमार होते, म्हणून लोक जमावाने चढतात.

वाट प्लॅटक्लिप घळीची. १५०३ मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी सालदान्या याच घळीने वर गेला होता, युरोपियनांच्या नोंदीतली ही पहिली चढाई. खोई लोक त्याआधी कितीदा चढले असतील ते कोण लिहिणार. प्लॅटक्लिप म्हणजे सपाट दगड. खालच्या ओढ्यावर तसे दगड आहेत. त्यांच्यावर आधी गुलाम बायका, नंतर त्यांच्या मुली-नाती शहरातल्या लोकांचे कपडे धूत. त्यातल्या बऱ्याच जणी मुसलमान होत्या. चाचींची पणजी त्यांच्यातली. ओढ्याशी मी थांबले. पाणी चहासारखं तपकिरी होतं. घाण नव्हे, झाडपाल्याचा अर्क उतरलेला. अशा पाण्यात धुतलेले कपडे पांढरे कसे निघत असतील?

पुढे नुसत्या दगडी पायऱ्या, वळणावर वळण. शाळेच्या सहलीबरोबर मी रायगड चार वेळा पायी चढले आहे, त्याच्या भरवशावर निघाले होते. पण रायगडावर ताक मिळतं. इथे अर्ध्या वाटेवर माझा गुडघा बोलायला लागला आणि चाचा मागे वळून विचारत, "कसा हाय?" त्यांची कोकणी बोली त्यांच्या आजोबांकडून आलेली, शंभर वर्षांपूर्वीच्या डब्यात बंद राहिलेली. जहाजाला ते अजून 'आगबोट' म्हणतात. मधले शब्द सुटले की इंग्रजी येतं, राग आला की आफ्रिकान्स.

पायथ्याशी ग्रॅनाइट असतो, वर वालुकाश्म. हा वालुकाश्म ४० कोटी वर्षांहून जुना. आपला सह्याद्रीचा काळा दगड साडेसहा कोटींच्या आसपासचा, म्हणजे याच्यापुढे कालचं पोर. हाताला हा दगड खरखरीत लागतो, फिकट राखाडी, मध्ये मध्ये गंजासारखे पट्टे.

झाडं नाहीत. मला वाटलं होतं आफ्रिका म्हणजे जंगल. इथे गुडघ्याएवढी, कमरेएवढी झुडपं. बारीक, चामड्यासारखी, काही सुईसारखी पानं. याला फेनबोस म्हणतात, बारीक पानांचं रान. दिसायला आपल्या कातळसड्यावरच्या झुडपांसारखं, कोणी दुसऱ्यांदा बघणार नाही असं. पण केपच्या या चिंचोळ्या पट्ट्यात सुमारे ९,००० जातींच्या वनस्पती आहेत आणि त्यातल्या जवळजवळ ७० टक्के जगात दुसरीकडे कुठेच उगवत नाहीत. २००४ मध्ये युनेस्कोने हा प्रदेश जागतिक वारशात घेतला. नातू वनस्पतीशास्त्र शिकतो. त्याने मला दाखवलं की या रानाला आग लागते. लागावीच लागते. काही प्रोटियांची बोंडं जळल्याशिवाय उघडत नाहीत, आणि काही बियांना तर धूर लागल्याशिवाय कोंब येत नाही. दहा-पंधरा वर्षांतून एकदा आग आली तर रान तरुण राहतं. वरचेवर आली तर मरतं, कारण नव्या झुडपांना बी धरायलाच सवड मिळत नाही. बाहेरून आणून लावलेली पाइन आणि ऑस्ट्रेलियन अकेशियाची झाडं आग भडकवतात आणि डोंगराचं पाणीही पितात. अकेशिया ऐकून मी हसले. सामाजिक वनीकरणात आमच्याकडेही सड्यांवर त्याच खंडातली अकेशिया लावली, खाली गवतसुद्धा नीट उगवत नाही.

पाण्याचं नाव निघालं तसे चाचा २०१८ च्या दुष्काळाबद्दल बोलले. माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा होती. अंघोळीचं पाणी बादलीत धरून संडासात वापरायचं. वुजूचं पाणीसुद्धा चाची पातेल्यात धरत. डोंगराच्या पाठीवर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची दगडी धरणं आहेत, माणसांनी घडवलेल्या दगडांची, पण आजच्या शहराला ती कुठली पुरायला.

घळ शेवटी इतकी अरुंद होते की दोन्ही बाजूंचे कडे अंगावर येतात. सावलीत गार वारा. खालून शहरातून तोफेचा आवाज आला आणि मी दचकले. सिग्नल हिलवरची बाराची तोफ. रविवार सोडून रोज उडते, दोनशे वर्षांहून जास्त काळ. चाचांनी सवयीने घड्याळ पाहिलं. ते म्हणाले, डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये त्यांचं घर होतं तेव्हा आई या तोफेवर भात चढवायची.

डिस्ट्रिक्ट सिक्स डोंगराच्या पायथ्याला, शहराला लागून. मलाय, भारतीय, आफ्रिकन, ज्यू, सगळे एका गल्लीत. पणजोबांचं दुकान तिथेच. अशा दुकानांना इथले लोक 'बाबी शॉप' म्हणत, थोडं प्रेमाने, थोडं हिणवून. ११ फेब्रुवारी १९६६ ला सरकारने ती वस्ती गोऱ्यांची म्हणून जाहीर केली. साठ हजारांहून जास्त माणसांना उठवून वाऱ्यावरच्या वाळवंटी सपाटीवर, केप फ्लॅट्सवर, वर्णाप्रमाणे वेगवेगळ्या वस्त्यांत टाकलं. भारतीयांसाठी रायलँड्स. घरांवर बुलडोझर फिरवले, मशिदी आणि चर्चेस तेवढी ठेवली. चाचा तेव्हा शाळेत होते. "आधी डोंगर आमच्या मागच्या दारात होता," ते म्हणाले. "मग तो लांब गेला." रायलँड्सच्या त्यांच्या खिडकीतून डोंगर पश्चिमेला दिसतो. रोज त्याच्या मागे सूर्य मावळतो. कोकणात डोंगर पूर्वेला, सूर्य समुद्रात बुडतो. पणजोबा डिस्ट्रिक्ट सिक्समध्येच वारले, त्यांना हे उलटं आकाश बघावं लागलं नाही.

वर पोहोचलो आणि सगळं एकदम सपाट झालं. आमच्या सड्यावर यावं तसं. काळ्या कातळाऐवजी पांढरट दगड, डबक्यांत पाणी, काठाला इवली फुलं. आमचे हे डबा मांडीवर घेऊन एका दगडावर बसले होते आणि त्यांच्यासमोर एक डॅसी समोशावर नजर लावून बसला होता. डॅसी म्हणजे सशाएवढा, लहान कानांचा, बिनशेपटीचा, तपकिरी प्राणी. उंदीर-घुशीच्या कुळातला वाटतो, पण त्याचं जवळचं नातं हत्तीशी. हे आमच्या यांना पटेना.

जुहरची नमाज आम्ही तिथेच अदा केली, बाटलीच्या पाण्याने वुजू करून. किब्ला कुठे ते मला विचारावं लागलं. जन्मभर मी पश्चिमेला, समुद्राकडे तोंड करून नमाज पढले आहे. इथून काबा उत्तरेला, थोडा पूर्वेकडे कललेला. दक्षिण गोलार्धात दुपारी सूर्यही उत्तरेत असतो. ऊन थेट तोंडावर आलं. समोर खाली बंदर, त्यापलीकडे रॉबेन बेट, चपटं, भाकरीसारखं पाण्यावर टाकलेलं. तुआन गुरू तिथून हा डोंगर बघत असतील. त्यांच्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी मंडेला आणि त्यांचे साथीदारही. आणि त्यापुढे अख्खी आफ्रिका, मग लाल समुद्र, मग मक्का.

सलाम फेरल्यावर चाचा तसेच बसून राहिले. मग स्वतःहूनच बोलले. इंग्रजीत बोलले, म्हणजे आधी विचार करून ठेवलेलं होतं. आजोबांना त्यांनी पाहिलं नव्हतं, पण वडील सांगायचे की म्हातारपणी ते कधी कधी दुकान नातेवाइकांवर सोडून डोंगराच्या पहिल्या टप्प्यावर येऊन बसत, बंदराकडे तोंड करून. जहाजं बघत. घरी सगळ्यांना माहीत होतं की गावी एक बायको आहे, एक मुलगा आहे. आजीसमोर तो विषय काढत नसत.

"निकाह १९१५ चा," चाचा म्हणाले. "मला माहीत होतं. त्या रात्री सांगवलं नाही."

म्हणजे दारात एक जागा होती.

मला काय वाटायला हवं होतं, माहीत नाही. मी भांडायची तयारी करून आले होते, मोठ्या दादीच्या वतीने. तिला वकील मिळाला नव्हता कधी. मी म्हटलं, लढाई सुरू झाली होती, बोटी धोक्याच्या होत्या, कदाचित बोलावणं शक्य नसेल. मीच त्यांची बाजू मांडत होते! मग म्हटलं, पण पत्र लिहायला कायदा आड येत नव्हता चाचा. सही तर किती सुंदर होती त्यांची. तलाक देऊन तिला मोकळी तरी करायची. ती तीसचीही नव्हती.

चाचांनी मान हलवली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिला बोलावली असती तर मी नसतो." खांद्याशी बसलेल्या नातवाकडे बोट केलं. "हा पन नाय."

याला उत्तर नव्हतं. नातवाला आमची बोली कळत नाही. तो डॅसीचे फोटो काढत होता.

मी अब्बांना व्हिडिओ कॉल लावला. वर रेंज चांगली होती. गावाकडे संध्याकाळ उतरत होती, अब्बा पडवीत बसले होते. त्याच पडवीत. त्यांना आधी डोंगर दाखवला, मग समुद्र. ते म्हणाले, आपलं गाव कुठल्या बाजूला? मी ईशान्येकडे फोन फिरवला. तिकडे फ्लॅट्सवरच्या हजारो घरांचे पत्रे चमकत होते आणि पलीकडे निळ्या डोंगरांची रांग. "कबर पाहिलीस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, उद्या मौब्रेच्या कब्रस्तानात जायचंय. डोंगराच्या याच पायथ्याला आहे. अब्बा काही क्षण थांबले. "माझ्या वतीने पण फातिहा पढ," ते म्हणाले, आणि मग जरा वेळाने, "आधी तिच्या नावाने पढ. मग त्याच्या."

चाचांनी हात पुढे केला, मी फोन त्यांच्याकडे दिला. दोन म्हातारे एकमेकांशी बोलत राहिले. एकाची बोली शंभर वर्षं जुनी, दुसऱ्याची टीव्हीने थोडी पुणेरी झालेली. पाऊस कसा झाला, आंबा कसा आहे, नातीला सासर कसं मिळालं. चाचांनी त्यांना सांगितलं की इथेही जून ते ऑगस्ट पाऊस असतो, अगदी तुमच्यासारखा. अब्बा म्हणाले, मग बरं.

कड्यावरून ढगाची पहिली पातळ पट्टी आत आली. वारा फिरला होता. केबल स्टेशनवरून भोंगा झाला. गाडी बंद होण्याआधी सगळ्यांनी खाली यावं, असा तो इशारा असतो. फोनमधून अब्बांनी विचारलं, "कसला आवाज आला?"

चाचा म्हणाले, "भोंगा. आता उतरूचा."